मरण्यासाठी ठेवलेली प्लेट

६ ऑगस्ट

रोजनिशी लिहिण्याची मला सवय नाही. माणसाने बोलावं, चारचौघांत बोलावं, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलावं, असं मी आयुष्यभर मानत आलो. पण ही म्हणते, "अहो, घरात आता ऐकणारं कोणी उरलेलं नाही. वहीला सांगा. ती उठून जात नाही." बायकोचा टोमणाही कधीकधी उपयोगी पडतो. म्हणून ही वही.

आज करार झाला. कंपनीकडून एक गृहस्थ आले होते. टाय इतका आवळलेला की शब्द गाळूनच बाहेर येत होते. मी त्यांना मनातल्या मनात टायवाले म्हणतो. अट एकच. तीस नोव्हेंबरपर्यंत मी त्यांना एक पेशी दाखवायची, जी आमच्या प्रथिनाला ओळखणारं प्रतिपिंड बनवते, आणि बनवत राहते. मूत्रपिंड बिघडू लागलं की हे प्रथिन लघवीत उतरतं, माणसाला काही जाणवण्याच्या कितीतरी आधी. ते ओळखणारी कागदाची पट्टी निघाली तर ज्याच्या खिशात बसभाड्यापलीकडे काही नाही, त्यालाही वेळेवर कळेल. तीस वर्षं मी जीवरसायनशास्त्र शिकवलं ते या एका पट्टीसाठी, असं आज मला वाटतंय.

जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. उंदराला ते प्रथिन टोचायचं. त्याच्या प्लीहेत ते ओळखणाऱ्या पेशी तयार होतात. त्यांना काम येतं, पण आयुष्य नाही. बाहेर काढल्या की आठवड्याभरात मरतात. दुसरीकडे कर्कपेशी. त्यांना मरण नाही आणि काम म्हणून येत नाही. दोघींना जोडायचं. एकीची विद्या, दुसरीचं आयुष्य. मग सगळ्यांना अशा माध्यमात, म्हणजे पोषक द्रवात, ठेवायचं की ज्यांचं जुळलं त्याच जगतील.

"आणि ज्यांचं नाही जुळलं?" हिने विचारलं.

"त्या मरतात."

"बरंय. आमच्या वेळी नुसतं सोसावं लागायचं."

सूनबाई हसली. चिरंजीव मोबाइलमध्ये होते.

९ ऑगस्ट

सूनबाई चहा घेऊन खाली प्रयोगशाळेत आली, पण चहासाठी आलेली नव्हती. प्रयोगशाळा म्हणजे आमच्या घराचा तळमजला: दोन खोल्या, पेशींना ऊब आणि सिलिंडरमधून वायू पुरवणारा एक इन्क्युबेटर, एक सूक्ष्मदर्शक, आणि आत निर्जंतुक हवा खेळवणारी काचेची पेटी. पेशी वाढवण्याचं काम सूनबाईचं. लग्नाआधी ती एका मोठ्या संस्थेत हेच करायची. मीच म्हटलं होतं, बाहेर कशाला, घरची प्रयोगशाळा आहे.

तर त्या संस्थेत जागा निघाली आहे. तिच्या जुन्या मॅडमनी एक डिसेंबरपर्यंत ती अडवून धरली आहे. फक्त या दोन वर्षांत तिने माझ्याकडे काय काम केलं याचं माझं पत्र हवं. बंद पाकिटात.

"द्याल ना बाबा?"

"आधी पेशी दे, मग पत्र घे."

"नक्की?"

"माझा शब्द आहे."

"बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ," चिरंजीव दारातून म्हणाले. कोणाच्या बाजूने बोलले ते कळलं नाही. पोरगा कधीच कळत नाही.

१७ ऑगस्ट

पिंजरेवाला उंदीर देऊन गेला. पांढरे, लाल डोळ्यांचे. पहिली टोचणी झाली. दर बारा-तेरा दिवसांनी एक, अशा चार. सूनबाई टोचण्याआधी उंदराला मुठीत धरून थोडा वेळ थांबते. मी विचारलं, ध्यान करतेस का? म्हणाली, घाबरलेला असला की तो हिसका देतो आणि सुई वाकडी जाते. मी तिला सांगितलं की दया ही चांगली गोष्ट असली तरी विज्ञानात तिला खुर्ची नाही. मग मी एकाला धरलं. तो चावला. मी त्याला टेबलाच्या कडेवर आपटून संपवला. हात धुऊन वर आलो तर सूनबाई अजून त्याच जागी उभी. मी म्हटलं, शिक. निर्णय असा घ्यायचा असतो.

८ सप्टेंबर

कर्कपेशी गोठवलेल्या होत्या, त्या बाहेर काढून वाढायला ठेवल्या. आणि लगेच सूनबाईने फाटा फोडला.

तिचं म्हणणं असं. या कर्कपेशींमध्ये एक उणीव आहे. त्या उणिवेमुळेच त्या निवडीच्या माध्यमात एकट्या जगू शकत नाहीत. पण पिढ्या उलटता उलटता एखादी पेशी ती उणीव भरून काढते, आणि मग ती कोणाशी न जुळताही मजेत जगते. अशा पेशी वेळोवेळी मारून काढाव्या लागतात. त्याचं औषध असतं, अझाग्वानिन. त्यात दोन आठवडे ठेवायच्या.

"तुझ्या मॅडमनी दिल्या तेव्हा ते केलेलं होतं ना?"

"होतं. पण त्याला दोन वर्षं झाली, बाबा. मध्ये कितीदा वाढवल्या, कितीदा गोठवल्या."

"दोन आठवडे माझ्याकडे नाहीत."

"आजच सुरू केलं तर जोडणीच्या आत होतं. मी एक बाटली लावलीही आहे."

मला न विचारता! मी ती बाटली इन्क्युबेटरमधून काढली आणि तिच्यादेखत मोरीत ओतली. रागाने नव्हे, शिस्त म्हणून. औषधाने झोडपलेल्या पेशी दमतात, आणि मला जोडणीसाठी तगड्या हव्यात. शिवाय आपल्याच पेशींवर संशय घेत बसणारा माणूस पेशी जोडणार कधी? शंका हे विद्वानांचं दुखणं आहे. मी विद्वान आहे, पण निरोगी.

२९ सप्टेंबर

आज पहिली जोडणी. टायवाले मुद्दाम पाहायला आले होते.

प्लीहा घेवड्याच्या दाण्याएवढी. जाळीवर चुरली. उंदराच्या पाच पेशींमागे कर्कपेशी एक, असं प्रमाण धरून दोन्ही एकत्र केल्या आणि नळीच्या तळाशी बसवल्या. आता पेग. हा एक दाट द्रव असतो, तो पेशींची कातडी एकमेकींत विरघळवतो. (ही जिन्यातून ओरडली, "सकाळी सकाळी पेग? आणि पाहुण्यांनाही?" टायवाले खूप हसले. मी नाही.) एक मिनिटभर थेंबथेंब सोडायचा, नळी हलवत राहायची, मग सावकाश माध्यम घालून पातळ करायचा. जास्त वेळ राहिला तर पेशी जुळत नाहीत, फुटतात.

ओतत मी होतो. सूनबाई घड्याळ धरून होती. टायवाल्यांना हे सगळं समजावून सांगणं माझं कर्तव्य होतं. मी सांगत होतो की निसर्गाने प्रत्येक पेशीभोवती भिंत घातली आहे, आणि माणसाचा सगळा इतिहास हा भिंती विरघळवण्याचा इतिहास आहे. टायवाले भारावून ऐकत होते. मध्येच सूनबाई, "मिनिट झालं, बाबा." मी वाक्य पुरं करत होतो. "दोन झाली, बाबा." मी तिला डोळ्यांनी दटावलं. "बाबा, तीन." वाक्याचा शेवटच पार विस्कटला.

पण एकंदरीत छाप चांगली पडली. टायवाले जाताना म्हणाले, तुम्ही राजकारणात जायला हवं होतं.

४ ऑक्टोबर

सगळं मेलं. पेशी भरलेल्या दहा प्लेटा, प्रत्येकीत शहाण्णव खळगे, आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी नुसता चुरा.

मी शांतपणे कारण शोधलं. जोडणीच्या क्षणी माझी एकाग्रता तीनदा मोडली गेली. म्हणून मी सूनबाईला नोंदवहीत तसं लिहायला लावलं: "साहाय्यकाच्या वारंवार बोलण्याने पेगची वेळ चुकली." तिने पेन उचललं नाही.

"मोजत ती होती, ओतत तुम्ही होता," ही मध्ये पडली.

"तुला काय कळतं यातलं?"

"घड्याळ कळतं."

मी म्हटलं, नोंदवही ही विज्ञानाची शपथ असते. तिच्यात कारण नसेल तर हे सहा आठवडे वाया गेले, आणि तसं असेल तर पत्रात लिहायला तरी माझ्याकडे काय उरतं? तेव्हा तिने लिहिलं. अक्षर सुंदर आहे पोरीचं. खाली सही करायलाही लावली. संध्याकाळी टायवाल्यांना फोनवर सांगितलं की साहाय्यकाचा हात जरा कच्चा आहे, तयार करतोय. ती तिथेच नळ्या धूत होती. धुताना एक फुटली.

२४ ऑक्टोबर

दुसरी जोडणी. सात नंबरच्या उंदराला चार दिवसांपूर्वी शेवटची टोचणी दिली होती. चाचणीत त्याचं रक्त सगळ्यांत उजवं निघालं होतं. आज पेग सूनबाईला सोडायला दिला. शिकायला हवं तिने. शिवाय अलीकडे माझा हात किंचित थरथरतो. चहा जास्त होतो आहे.

ती एक शब्द बोलली नाही. एक मिनिट, अगदी थेंबाला थेंब. मग एक मिनिट थांबली. मग माध्यम, इतकं हळू की जणू झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालते आहे. मी पाहत राहिलो. हात स्थिर आहे. हे मान्य करायला मी कमी करणार नाही, इथे तरी.

पण नंतर पुन्हा तेच. पेशी भरायला घेतल्या तर दहाव्या प्लेटवर तिने चिठ्ठी डकवलेली: "फक्त कर्कपेशी."

"हे काय?"

"हिच्यात जोडलेल्या पेशी घालायच्या नाहीत. नुसत्या कर्कपेशी, निवडीच्या माध्यमात."

"मग त्या मरतील."

"मरायलाच हव्यात. त्या मेल्या तरच बाकी प्लेटांत जे जगेल ते खरं."

"म्हणजे मरण्यासाठी एक अख्खी प्लेट?"

"हो, बाबा. तिचं कामच ते."

मी हसलो. हसू आवरेना. शहाण्णव खळगे, त्यातल्या एखाद्यात माझी पेशी असू शकते, आणि ही बया तिथे प्रेतं मोजणार! जी गोष्ट मरणार हे ठाऊकच आहे ती मरते का हे बघत बसायला आपण काय स्मशानाचे कारकून आहोत? मी स्पिरिटच्या बोळ्याने ती चिठ्ठी सोडवून काढली आणि प्लेट भरायला लावली. तिने भरली. म्हणाली, "नोंदवहीत लिहू का, की ही प्लेट ठेवली नाही म्हणून?" मी म्हटलं, न केलेल्या गोष्टी नोंदवहीत लिहायच्या तर वही पुरणार नाही.

२ नोव्हेंबर

यश! यश! सूक्ष्मदर्शकाखाली जिथे पाहावं तिथे पेशी. गोल, तेजस्वी, द्राक्षांच्या घोसासारख्या. दहाही प्लेटा. एक खळगा रिकामा नाही!

वर जाऊन हिला मिठीच मारणार होतो, तिने पळी आडवी धरली. चिरंजीवांनी हात मिळवला. सूनबाई मात्र सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढेना.

"इतके सगळे कसे, बाबा?"

"कसे म्हणजे?"

"मॅडमकडे तिसरा हिस्सा भरला तरी आम्ही खूश व्हायचो."

"तुझ्या मॅडमकडे मी नव्हतो."

काही माणसांना अपयश सोसतं, यश सोसत नाही. ही त्यातली. टायवाल्यांना कळवलं. बारा तारखेला येतात.

७ नोव्हेंबर

आज चाचणी. खळग्यांतलं पाणी थेंबभर घेऊन आमच्या प्रथिनावर घालायचं. प्रतिपिंड असेल तर पिवळा रंग येतो. नऊशे साठ खळग्यांतून चारांत आला. एकात तर पिवळाधमक. मी त्याच्यापुढे उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सूनबाई म्हणाली, आजच्या आज या चार खळग्यांतल्या पेशी एकेक करून वेगळ्या करू, एका खळग्यात एकच. काही गोठवून ठेवू. इथे त्यांच्याबरोबर नुसत्या खाणाऱ्या पेशी वाढताहेत, त्या कामाच्या पेशींना चार दिवसांत गिळतील.

मी म्हटलं, बारा तारखेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. टायवाल्यांना हा रंग गडद दिसला पाहिजे. पेशी काढून घेतल्या तर रंग फिका पडेल.

"गडद होणार नाही, बाबा. जाईल."

"तुझी जीभ काळी आहे का गं?"

मग हळूच म्हणाली, "एका खळग्यातला थेंबच वेगळा काढू द्या. त्याहून जास्त नको." मी इन्क्युबेटरला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. रोज सकाळी मी स्वतः उघडतो, पाहतो, बंद करतो.

१२ नोव्हेंबर

टायवाले आले. मी स्वागताचं थोडं बोललो, पाऊण तास. मग चाचणी लावली. तीन खळगे कोरे. चौथा फिका, पाण्यात हळदीचं बोट बुडवल्यासारखा. टायवाल्यांनी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं.

"हा पिवळा आहे का?"

"पिवळाच," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी सूनबाईला विचारलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मीच म्हटलं, ती साहाय्यक आहे, तिला वाटायचं काही कारण नाही.

१६ नोव्हेंबर

चौथाही गेला. नऊशे साठ खळगे तुडुंब जिवंत, आणि एकातही प्रतिपिंड नाही.

सूनबाईने मला न विचारता एक प्रयोग केला होता. आमच्या मूळ कर्कपेशी, कोणाशीही न जोडलेल्या, तिने कुलूप लागण्याआधीच निवडीच्या माध्यमात टाकून इन्क्युबेटरच्या मागच्या कोपऱ्यात ठेवल्या होत्या. आज बाटली माझ्यासमोर ठेवली. आत पेशींचं रान माजलेलं.

"या मरायला हव्या होत्या, बाबा. उणीव भरून काढलेल्या आहेत. जोडणीच्या आधीपासून. आपल्या प्लेटांत याच वाढल्या. चार खऱ्या होत्या, त्या यांनी खाल्ल्या."

मी खुर्चीत बसलो. खरं सांगतो, काही वेळ मला माझेच हात परके वाटले. मग मी स्वतःला सावरलं आणि नीट विचार केला. कर्कपेशींची निगराणी कोणाकडे होती? सूनबाईकडे. त्या बिघडल्या कोणाच्या देखरेखीखाली? सूनबाईच्या. इतकं सरळ आहे.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"सांगितलं होतंस तर करायचं होतंस."

"तुम्ही बाटली ओतलीत."

"एक बाटली ओतली. दुसरी लावायची होतीस, माझ्याशी भांडायचं होतंस, माझा हात धरायचा होतास! ज्याला सत्य कळलं आहे आणि तरी जो गप्प बसतो, तो चुकणाऱ्यापेक्षा मोठा अपराधी. हे मी शंभर व्यासपीठांवर सांगितलं आहे."

"व्यासपीठावर समोरचा बोलत नाही, बाबा."

चिरंजीव म्हणाले, "जाऊ दे ना, दोघंही." दोघंही! जणू वजनं सारखीच आहेत. ती चिरंजीवांकडे पाहत राहिली. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

२१ नोव्हेंबर

टायवाले उमदे आहेत. मुदत वाढवून द्यायला तयार झाले, पण वरच्यांना दाखवायला लेखी कारण हवं: कोण चुकलं, आणि पुन्हा चुकणार नाही याची हमी काय.

मी लिहून दिलं. "कर्कपेशींच्या निगराणीत साहाय्यकाचा गंभीर हलगर्जीपणा. याच साहाय्यकाची पहिल्या जोडणीतली चूक नोंदवहीत तिच्याच अक्षरात, तिच्या सहीने आहे." नोंदवहीच्या त्या पानाची प्रत जोडली. नव्या कर्कपेशी दुसरीकडून मागवल्या आहेत. यापुढे निगराणी माझी, असंही लिहिलं.

२६ नोव्हेंबर

आज सूनबाईने पत्र मागितलं. तिला परवा निघायचं आहे.

तीन तास लिहीत होतो. लोकांना वाटतं शब्द माझ्या जिभेवर नाचतात. आज एकेक शब्द विहिरीतून ओढावा लागला. काय लिहू? ती हुशार आहे, कष्टाळू आहे. पहिला मसुदा तसाच झाला, चांगला पानभर. वाचून मलाच भरून आलं. मग आठवलं, पाच दिवसांपूर्वी मी त्याच बाईबद्दल कंपनीला दुसरंच लिहून दिलं आहे. एका टपालात एक सत्य आणि दुसऱ्या टपालात दुसरं, असं करणाऱ्यांना मी आयुष्यभर सोललं. आता माझ्याच घरातलं माणूस आहे म्हणून पेन वाकवू? मग बाकीच्या जगाला कुठल्या तोंडाने बोलू?

मसुदा फाडला. कंपनीला लिहिलं तेच लिहिलं, शब्दाला शब्द. शेवटी एक ओळ माझ्या मनाने घातली: "योग्य देखरेखीखाली ती सुधारेल, अशी आशा आहे." पाकीट बंद करून तिच्या हातात दिलं.

"तुम्ही शब्द पाळलात, बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, नाही देणार. मी रागाने मनात काय काय बोलले तुम्हाला. माफ करा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सत्य बोलणं अवघड असतं, पण बोलल्यावर असं हलकं वाटतं!

३ डिसेंबर

परत आली. दुपारी, बॅग स्वतःच उचलून. बसथांब्यावर चिरंजीव गेले नव्हते, त्यांची मीटिंग होती.

हिच्याकडून कळलं. मॅडमनी पत्र तिच्यासमोरच उघडलं, वाचलं, आणि तिच्याकडे सरकवलं. नंतर म्हणाल्या, मला तुझ्याबद्दल ठाऊक आहे, पण समितीपुढे हेच जाणार, आणि लिहिणारा तुझा सासरा. घरचाच माणूस असं लिहितो म्हटल्यावर लोक याच्या दुप्पट धरतील. जागा दुसऱ्या मुलीला गेली.

मला रडारडीची धास्ती होती. तसं काही झालं नाही. तिने बॅग ठेवली, तोंड धुतलं, खाली येऊन ॲप्रन घातला आणि उंदरांचं पाणी बदललं. खरं सोसायची ताकद आहे तिच्यात. मी हिला तसं म्हटलं.

ही म्हणाली, "देवाने तुम्हाला मुलगी दिली नाही. त्याला कळत होतं." आणि माझं ताट टेबलावर ठेवून स्वतः स्वयंपाकघरात जेवायला बसली. चार दिवसांत निवळेल. नेहमी निवळते.

८ डिसेंबर

आज सूनबाई आपणहून बोलायला आली.

"बाबा, माझी कामं लिहून द्याल? एकेक, नंबर घालून. यादीत आहे तेवढं मी करीन. जे नाही ते करणार नाही, आणि बोलणारही नाही. म्हणजे चूक होणार नाही."

मला किती आनंद झाला हे तिला दाखवलं नाही. शेवटी पोरीला समजलं की स्वातंत्र्याची पहिली पायरी शिस्त आहे. तीन पानी यादी केली. एकतीस कामं. पेशी कधी बघायच्या, माध्यमाचा रंग रोज नोंदवहीत कसा लिहायचा, नळ्या किती वेळा धुवायच्या. तिने शांतपणे वाचली. "हीच ना पूर्ण यादी?" "हीच." "सही करा." मी झोकात सही केली.

नव्या कर्कपेशी आल्या. छान आहेत.

१८ डिसेंबर

तिसरी जोडणी. पेग सूनबाईने सोडला, एक मिनिट, तसाच. मी बोलत होतो तरी तिचा हात हलला नाही आणि तिने वेळही मोठ्याने मोजली नाही, यादीत नव्हतं. किती सुरेख काम! मी दोन-तीनदा म्हटलं, काही शंका असली तर विचार. "नाही, बाबा. तुम्ही म्हणाल तसं."

प्लेटा इन्क्युबेटरमध्ये गेल्या. कुलूप आता लावत नाही. विश्वास टाकला की माणूस त्याला जागतो.

२७ डिसेंबर

उत्तम! मोठ्या मरणानंतर आता कुठे कुठे, मोजक्या खळग्यांत, लहान लहान घोस दिसू लागले आहेत. या वेळी खरं आहे हे मला आतून कळतं. टायवाल्यांना चार तारखेला बोलावलं. सूनबाईला सांगितलं तेव्हा ती घोसांकडे खूप वेळ पाहत राहिली. सुंदर आहेत, म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला पेशींना सुंदर म्हणताना ऐकलं.

३ जानेवारी

भाषण तयार आहे. या वेळी आखूड, अर्ध्या तासाचं.

सकाळी प्लेटा पाहिल्या. माध्यम मला जरा जांभळट वाटलं. नेहमी ते केशरी-लाल असतं. इन्क्युबेटरच्या सिलिंडरमधला वायू संपत आला की ते जांभळं पडतं आणि पेशी गुदमरतात, असं मी स्वतः वर्गात शिकवलं आहे. पण सिलिंडर दोन वर्षं सूनबाईच, कोणी न सांगता, बघत आली आहे. तसं काही असतं तर ती म्हणालीच असती. खोलीत नवा दिवा लावला आहे, त्याचा उजेड असेल.

तरी नोंदवही उघडून पाहिली. तिने रोजचा रंग रोज लिहिला आहे, एक दिवस चुकवलेला नाही. तीस तारखेला जांभळा. एकतीसला जांभळा. काल जास्त जांभळा. आज गर्द जांभळा. काय टापटीप! ही वही उद्या टायवाल्यांना मुद्दाम दाखवणार आहे.

ती उंदरांना दाणे घालत होती. मी दारातून विचारलं, "सूनबाई, उद्यासाठी काही राहिलं नाही ना? काही सांगायचं आहे का मला?"

तिने यादी काढली, एकतीसही ओळींवरून बोट फिरवलं, आणि घडी करून खिशात ठेवली.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "यातलं सगळं झालंय."